फुटली तर आमची

माझी सासू मैनाबाई माणसाचं तोंड आधी पाहत नाही, हात पाहते. मला बघायला आली तेव्हा माझ्या आईनं पोहे केले होते, बहिणीनं माझी बारावीची मार्कशीट टेबलावर काढून ठेवली होती. बुढीनं ना पोह्यांकडे पाहिलं ना मार्कशीटकडे. सरळ माझा उजवा हात ओढून घेतला, बोटं जुळवून दाबली, अंगठ्याखालचं हाड चाचपलं आणि संघपालला, म्हणजे जो आता माझा नवरा आहे त्याला, सगळ्यांसमोर म्हणाली, "दोन-सहा माप हाय. हाड कडक हाय. पोरगी भांडखोर असन. पण काम करन."

दोन-सहा हे बांगडीचं माप आणि भांडखोर हा माझा स्वभाव, दोन्ही तिनं एका दाबात ओळखलं. पुढे मी एसटीत कंडक्टर झाले, परतवाडा ते अमरावती. दिवसभर सुट्ट्या पैशांवरून भांडायचं आणि वरून महामंडळाचा पगार घ्यायचा, याहून बरी नोकरी मला जन्मात मिळाली नसती.

मैनाबाईचा धंदा काचेच्या बांगड्यांचा. चाळीस वर्षं झाली. आधी डोक्यावर टोपलं घेऊन गावोगावचे बाजार करायची, आता गुडघे ऐकत नाहीत म्हणून फक्त परतवाड्याच्या बाजारात बसते. तिच्यासमोर बसलेली बाई बांगड्या भरून होईपर्यंत सासरचं-माहेरचं सगळं ओकून मोकळी होते, कारण हात बुढीच्या पकडीत असतो, जाणार कुठं? बांगडी फुटली की बाया 'फुटली' म्हणत नाहीत, अपशकुन नको म्हणून 'वाढली' म्हणतात. ही लगेच त्यांच्या अंगावर जाते. "वाढली कायची वो बाई? फुटली ते. वाढली असती त माया बंगला नसता का झाला?" तरी गिऱ्हाईक तुटत नाही, हे मला आजपर्यंत न सुटलेलं कोडं आहे.

आता प्रणालीचं सांगते. प्रणाली माझी पोरगी, आठ वर्षांची, तिसरीत आहे. तीन वर्षांची असल्यापासून तिला एक्झिमा आहे. कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्यामागे, मनगटावर, मानेवर कातडी लाल होते, कोरडी पडते आणि खाजते. खाजवलं की सोलते, सोललं की आग होते, आग थांबली की पुन्हा खाज. पोरगी झोपेतही खाजवायची, सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके असायचे.

आणि लोक! एकदा तिला माझ्याच गाडीत घेऊन निघाले होते. गाडीत साठ माणसं होती. त्यातले एकोणसाठ डॉक्टर निघाले आणि एक ड्रायव्हर. आसेगावला गाडी थांबल्यावर ड्रायव्हरनंही मागं वळून करंजीचं तेल सांगितलं. कोणी म्हणे कडुनिंबाचा पाला, कोणी म्हणे गोमूत्र. एका आजीनं देवीला मीठ वाहायला सांगितलं. मी म्हटलं, "आजी, आमी बुद्धाचे. आमी मीठ भाजीतच टाकतो. तिकीट काढा."

पण सगळ्यात मोठी डॉक्टर माझ्या घरातच बसली होती. गेल्याच्या आधीच्या डिसेंबरातली गोष्ट. हरभऱ्याच्या पानांवरचं दव आंबट असतं, त्याला आमच्याकडे आंब म्हणतात. शेतात फडकं पसरून ती धरतात, पिळून बाटलीत भरतात आणि पोट दुखलं की चमचाभर देतात. बुढी एका सकाळी ओळखीच्या वावरातून बाटलीभर आंब घेऊन आली. तिचा हिशेब सोपा होता. "आंबीनं फडक्याले भोकं पडतात. इतकी कडक चीज हाय. मंग तिनं खाज काहून नाही मरणार?" मी आंघोळीला गेले होते. तेवढ्यात तिनं पोरीच्या दोन्ही कोपरांत ती चोपडली.

प्रणाली अशी ओरडली की समोरच्या घरातले लोक चहाचे कप हातात घेऊनच बाहेर आले. पोरगी अंगणात गोल गोल पळून राहिली, मी ओल्या केसांनी तिच्यामागे, आणि माझ्या तोंडात कंडक्टरची भाषा. "आई, लेकराले तुमी लोणचं समजले का?"

बुढीच्या हातांवर काचेचे ओरखडे कायमचे असतात. बाटलीतले चार थेंब तिनं आपल्या ताज्या ओरखड्यावर टाकले आणि ओठ दाबून बसून राहिली. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा उठली, बाटली नालीत रिकामी केली आणि टाकीत हात बुडवून बसलेल्या प्रणालीजवळ गेली. "चुकलं माय, मायं चुकलं. आता तुले इचारल्याबिगर मी तुया हाताले हात नाही लावत." पासष्ट वर्षांच्या बाईनं सात वर्षांच्या पोरीची माफी मागितली. मला अजून अर्धा तास तरी भांडायचं होतं, पण मग जमलं नाही.

त्यानंतर डॉक्टर सुरू झाले. पहिला कोण ते सांगत नाही. टेबलाच्या पलीकडून म्हणाला, "बाही वर करा. हं. करा खाली." चिठ्ठी हातात. दोन मिनिटंही लागली नाहीत. बाहेर आल्याबरोबर बुढी सुरू झाली, "हात न धरता कसं समजलं त्याले? मी त बांगडीचं मापबी हात धरल्याबिगर नाही सांगत." मी तिला चूप करून राहिले होते, तेवढ्यात प्रणालीनं हळूच विचारलं, "मम्मी, तो डॉक्टर मले भेला का?"

मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत राहिले.

मग अमरावतीला डॉक्टर प्रियदर्शनी बाईंकडे नेलं. त्यांनी प्रणालीला खुर्ची जवळ ओढायला लावली, तिचा हात आपल्या उघड्या हातात घेतला आणि सोडलाच नाही. हात धरूनच विचारलं, शाळा कोणती, भाजी कोणती आवडत नाही, रात्री खाजतं का. आणि मला नाही, पोरीला सांगितलं, "हे तुझ्या चुकीनं झालेलं नाही. तुझ्याकडून दुसऱ्या कोणाला होत नाही. कधी कमी होईल, कधी परत येईल. आपण त्याला धाकात ठेवायचं." मग नियम सांगितले. आंघोळ थोडकी, कोमट पाण्यानं. अंग घासायचं नाही, टिपायचं. अंग ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, क्रीम थापायची. औषधाचं मलम सांगितलं तितकेच दिवस. नखं कापलेली, कपडे सुती आणि सैल. घरगुती लेप सगळे बंद. "आणि ती आंब..." मी सांगितलेलं आठवून बाई बोलायला लागल्या. "आंबीचं मले माहीत हाय," बुढी घाईघाईनं म्हणाली. निघताना तिनं डॉक्टरचा हात दाबून पाहिलाच. दारात मला म्हणाली, "दोन-चार. पोरगी चांगली हाय."

तीन मिनिटांचा नियम बुढीनं असा मनावर घेतला की आमच्या घरात सकाळी आग लागल्यासारखी धावपळ सुरू झाली. ती न्हाणीच्या दाराशी क्रीमचा डबा उघडून उभी. "आली का भाईर? एक मिनिट गेलं! जोसना, सरक! संघपाल, दार सोड!" जोसना म्हणजे मी. एकदा संघपाल वेळेवर सरकला नाही तर त्याच्याच पाठीला बोटभर क्रीम लागली. कपड्यांचंही तिनंच पाहिलं. आमचा मुलूख कापसाचा, आणि आमच्या लेकरांच्या अंगावर टेरिकॉट. कापूस विकायचा आणि प्लास्टिक घालायचं, ही आमची वऱ्हाडी अक्कल. बुढीनं आपली मऊ झालेली सुती लुगडी फाडून पोरीचे फ्रॉक शिवून घेतले. मार्च संपेपर्यंत कोपरांतला लालपणा पुष्कळ ओसरला. उशीचे अभ्रे स्वच्छ निघायला लागले.

खाज उतरली, पण स्वेटर उतरला नाही.

शाळेचा निळा स्वेटर. बाकीच्या लेकरांचे फेब्रुवारीतच पेटीत गेले. आमचीचं एकच पालुपद, "मले थंडी वाजते." चौदा एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत सगळी लेकरं पांढऱ्या कपड्यांत, आमची पांढऱ्या फ्रॉकवर निळा स्वेटर घालून. लोकांना वाटलं, मुद्दाम निळा घातला. एका कार्यकर्त्यानं तर मला म्हटलं, "ताई, संस्कार याले म्हणतात." मी काय सांगू? पोरगी आतून घामानं निथळत होती. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर, कूलरसमोर कुत्रंसुद्धा जीभ काढून पडलेलं, आणि ही स्वेटरात. घाम आला की खाज, खाज लपवायला स्वेटर, स्वेटरमुळे पुन्हा घाम. मी ओरडून पाहिलं, लालूच देऊन पाहिलं, एकदा स्वेटर लपवूनही पाहिला. त्या दिवशी ती माझा युनिफॉर्मचा शर्ट घालून बसली.

शेवटी जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर ती बोलली, आणि बोलली ते आजीजवळ. बुढीनं आधी विचारलं, "हात धरू का?" तिनं मान हलवली. मग बुढीनं धरला आणि काही न विचारता नुसती बसून राहिली. मी आतून कान लावून होते.

"वर्षालीची मम्मी म्हणते, माया हात धरला त तिलेबी होईन," प्रणाली म्हणाली. वर्षाली म्हणजे तिच्या वर्गातली, पहिलीपासून बाजूला बसणारी. "मंग कोणीच नाही धरत. फेर धराचा असला का मी हात बाहीत ओढून घेतो अन् बाही पुढं करतो. बाही धरतात."

म्हणजे एवढे महिने पोरगी स्वेटर आपल्या लाजेपायी घालत नव्हती नुसती. कोणीतरी धरावं म्हणून घालत होती.

मी दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर खाकी युनिफॉर्ममध्येच शाळेत गेले. खांद्याला बॅग, हातात तिकिटाचं मशीन. गजेंद्र सर गरीब माणूस, तिसरीचा वर्ग त्यांच्याकडे. मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण शेजारच्या वर्गाचे पाढे थांबले होते एवढं आठवतं. सर म्हणाले, "मॅडम, मी उद्याच सगळ्यांना समजावून सांगतो." मला वाटलं, मी लढाई जिंकली.

सरांनी खरंच समजावलं. सकाळी परिपाठाला, अख्ख्या शाळेसमोर. प्रणालीला शेजारी उभं केलं आणि वीस मिनिटं एक्झिमा म्हणजे काय, का होतो, कुठे कुठे होतो, सगळं हात दाखवून सांगितलं. मनानं चांगलंच केलं त्यांनी. पण आतापर्यंत तिसरीला माहीत होतं, ते आता सातवीपर्यंत माहीत झालं. पोरगी घरी आली, दप्तर टाकलं आणि मला म्हणाली, "मम्मी, तू काहून गेली? मी आता शाळेत नाही जात. कधीच नाही जात."

तीन दिवस गेली नाही. मी समजावलं, रागावले, एकदा पदराआड रडलेही. बुढी मला एकच वाक्य बोलली, "जोसना, तूबी आंबच लावली."

खोटं कसं म्हणू? चौथ्या दिवशी पोरगी गेली, पण अट घालून. मम्मीनं शाळेत पाय ठेवायचा नाही. स्वेटर घालून जायची, स्वेटर घालून यायची. तिच्या बाजूची जागा, जिथं आधी वर्षाली बसायची, ती रिकामीच राहिली. माझी हसरी, बडबडी पोरगी शाळेतून आल्यावर फक्त "काही नाही" एवढंच बोलायला शिकली. हे असंच चाललं तर पोरगी आयुष्यभर बाही पुढं करत राहील, ही भीती मला गाडीत तिकीट फाडतानाही सोडत नव्हती.

जानेवारीत शाळेचा बाल आनंद मेळावा असतो. लेकरं पटांगणात दुकानं लावतात, भेळ, ढोकळा, तळलेल्या नळीत बटाटा भरलेला आलूपोंगा, आणि मायबाप येऊन विकत घेतात. प्रत्येकानं काहीतरी लावायचंच. मी म्हटलं, "आपण आलूपोंगे लावू, मी करून देते." प्रणाली वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, "माया हातचं कोण खाईन?"

बुढी दाराशी बांगड्या दोऱ्यात ओवत बसली होती. तिचा हात थांबला. दोरा तिनं खाली ठेवला. मग म्हणाली, "खायाचं नको लावू. बांगड्या भर."

"हात कोण देईन?"

"देतात. मलेबी नव्हते देत."

लग्न होऊन बारा वर्षं झाली होती मला, पण ही गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

"मी नवीन नवीन बाजार करू लागली," बुढी सांगू लागली, "तवा एका गावात बाया याच्या, बांगड्या पाह्याच्या, पण हात नव्हत्या देत. म्हणे, तू ठेव खाली, आमी घालून घेतो. मी कोणाची हाय हे त्याईले माहीत होतं ना. दूरून पैसे टाकत. मी म्हटलं, बरं, घाला. पण धंद्याचा नियम आयका. तुमच्या हातानं फुटली त तुमची. मी भरून देल्ली अन् फुटली त माई. त्या दिवशी बायाईनं आपल्या हातानं इतक्या फोडल्या का माया टोपल्याभोवती काचच काच. दुसऱ्या बाजाराले एक बुढी आली. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, अन् हात पुढं केला. तिले काई माणुसकी नाही सुचली, फायदा सुचला. चालते. हात त देल्ला!"

"तुले राग नाही आला आजी?"

"लय आला. इतका आला का वाटलं दाबून हाडच मोडावं. पण मी असा जपून धरला का एक बांगडी नाही फुटू देल्ली. मंग थे बुढी दर बाजाराले मायाचपाशी याची."

माझे डोळे भरून आले होते. मी उठून चहा ठेवला. चहा कोणालाच नको होता.

पुढचे पंधरा दिवस प्रणालीनं आमच्या हातांवर सराव केला. साबणाचं पाणी लावायचं, अंगठा आत दुमडायचा, हाडावरून बांगडी ढकलायची नाही, फिरवायची. माझे हात ओरखड्यांनी भरले. मी संपले की संघपालची पाळी. एका रविवारी तो डझनभर हिरव्या बांगड्या घालून बसला होता, निघेनात, आणि दारात गॅसवाला आला. त्यानं सही घेतली, सिलिंडर ठेवलं आणि फाटकापर्यंत जाताना दोनदा वळून पाहिलं. प्रणाली पोट धरून हसली. कित्येक महिन्यांनी हसली. घरात ती स्वेटर काढूनच भरायची, कारण लोंबती बाही काचेला अडकते. शाळेत काढेल की नाही, हे कोणी विचारलं नाही. माझ्या जिभेवर दहा वेळा आलं, बुढीनं दहा वेळा डोळे वटारले.

मेळाव्याच्या दिवशी मी रजा टाकली. अट होती म्हणून आम्ही दोघी दुकानापासून लांब, हापशीच्या मागे उभ्या राहिलो. प्रणालीनं सतरंजी अंथरली, बांगड्यांची पेटी मांडली आणि पुठ्ठ्यावर स्वतः लिहिलेली पाटी उभी केली: 'तुम्ही घातली आणि फुटली तर तुमची. मी घातली आणि फुटली तर आमची.' अंगात निळा स्वेटर, बाह्या पार बोटांपर्यंत.

अर्धा तास कोणी आलं नाही. बाजूच्या भेळेवर रांग, पलीकडच्या आलूपोंग्यावर मारामारी, आणि आमची पोरगी मधोमध एकटी. मी म्हटलं, "आई, मी जाऊन घेऊ का चार?" बुढी म्हणाली, "माय असली त माय ऱ्हाय. गिऱ्हाईक नको होऊ."

मग पोरी आल्या. काचेपुढे पोरी किती वेळ धरून राहणार? पण हात कोणी दिला नाही. पाच-सहा जणींनी आपल्या हातानं घालायला घेतल्या आणि कट्, कट्, कट्. त्यांत वर्षालीही होती. तिच्या चार फुटल्या. तिनं खाऊचे पैसे मोजून दिले आणि उरलेले मुठीत घट्ट धरून रडवेलं तोंड करून उभी राहिली.

तेवढ्यात पहिलीतली एक चिमुरडी पुढे घुसली. तिला शाळेतलं राजकारण काय माहीत? तिनं दोन्ही हात सरळ प्रणालीच्या मांडीवर ठेवले. "लाल भर," म्हणाली. प्रणालीनं बाहीतूनच बांगडी धरली, फिरवायला गेली, लोकरीत अडकली, कट्. दुसरी घेतली, कट्. तिसरी, कट्. पाटीवर लिहिल्याप्रमाणे तिन्ही आमच्या. चिमुरडी पाटी वाचू शकत नव्हती, पण माझ्या पोरीला गणित येत होतं. मी पाहिलं, तिनं फुटक्या काचेकडे पाहिलं, मग समोरच्या पोरींकडे, मग आपल्या बाह्यांकडे. बुढी माझ्या कानाशी पुटपुटत होती, "काढ ना वो माय. काढ."

प्रणालीनं स्वेटर डोक्यावरून ओढून काढला आणि मांडीखाली घातला. आत बिनबाह्यांचा, लुगड्याचा फ्रॉक. थंडीनं कातडी पुन्हा थोडी उलली होती, कोपरात लाल चट्टे होते, मनगटावर जुने खाजवल्याचे डाग. जानेवारीच्या उन्हात सगळं लख्ख दिसत होतं. तिनं बोटांना साबणाचं पाणी लावलं आणि चिमुरडीच्या हातात सहा लाल बांगड्या एकामागून एक भरल्या. एकही फुटली नाही. चिमुरडी हात वाजवत पळाली.

मग वर्षाली सतरंजीवर बसली. हात पुढे केला, पण अर्धाच. चट्ट्यांकडे पाहून म्हणाली, "अजून दुखते का?"

"दुखत नाही, खाजते," प्रणाली म्हणाली. "तुले होत नाही. हात ढिला सोड. कडक धरला का फुटते."

वर्षालीनं हात ढिला सोडला. माझ्या पोरीनं तो उघड्या हातात घेतला, मी हापशीचा दांडा घट्ट धरला, आणि रडायला लागले. लपवून ठेवण्यासारखं त्यात काय आहे? ढसाढसा रडले.

आणि नेमकी तेव्हाच वर्षालीची आई, रागिणीताई, भेळेचा द्रोण घेऊन तिथे आली. आपल्या पोरीचा हात कोणाच्या हातात आहे ते तिनं पाहिलं. द्रोण हातातच राहिला. ती झपाझप चालत आली आणि अगदी सतरंजीला पाय लागेल इतकी पुढे येऊन दोघींच्या डोक्यावर उभी राहिली. तिचं तोंड उघडलं. माझं रडणं थांबलं आणि डोक्यात आग गेली. आज हिचं तिकीट फाडतेच, असं म्हणून मी निघाले, तर बुढीनं माझं मनगट असं पकडलं की हाड वाजलं. "थांब. दुकान तिचं हाय. तिचं तिले पाहू दे."

प्रणालीनं मान वर केली नाही. तिचं सगळं ध्यान वर्षालीच्या अंगठ्याच्या हाडाशी अडलेल्या हिरव्या बांगडीवर होतं. बांगडी अर्धी चढली होती.

"काकू, जराक सरका ना," ती म्हणाली. "उजेड अडून राह्यला."

रागिणीताई सरकली.